राजांचा पश्चात्ताप

मराठी बायबलांत जेथें ‘पश्चात्ताप’ हा शब्द येतो, तेथें मूळ ग्रीक ग्रंथांत बहुधा ‘मेतानोइया’ हा शब्द असतो. त्याचा मूळ अर्थ मन पालटणें असा आहे. त्या शब्दांत अश्रू नाहींत, उपवास नाहीं, दंडही नाहीं. मन ज्या दिशेनें चाललें होतें ती दिशा सोडून त्यानें वळावें, एवढाच त्याचा भाव. पण मन वळलें कीं नाहीं हें दुसऱ्यास कळावें कसें? ज्या पंथाचे अनुयायी एकमेकांस भाऊ म्हणवून एका मेजाभोवतीं बसत, त्यांस ही अडचण पहिल्यापासूनच भासली असली पाहिजे. एखाद्यानें खून केला, व्यभिचार केला, किंवा छळाच्या दिवसांत जिवाच्या भीतीनें धर्म नाकारला, आणि मग ‘माझें चुकलें’ असें म्हणत तो परत आला, तर त्यास लागलेंच प्रभुभोजनास बसूं द्यावें काय? या प्रश्नाचें उत्तर म्हणून पहिल्या कांहीं शतकांत ख्रिस्ती मंडळींत जाहीर प्रायश्चित्ताची चाल पडली.

या चालीचें स्वरूप मोठें कडक होतें. पाप्यानें आपला अपराध बिशपापाशीं कबूल केला म्हणजे त्याची गणना प्रायश्चित्त घेणाऱ्यांच्या वर्गांत होई. भरड वस्त्र नेसावें, अंगास राख लावावी, प्रार्थनामंदिरांत मागच्या बाजूस उभें राहावें, येणाऱ्याजाणाऱ्या बांधवांस आपल्यासाठीं प्रार्थना करण्याची विनवणी करावी, आणि प्रभुभोजनाची वेळ झाली कीं मुकाट्यानें बाहेर जावें, असा क्रम महिनोन्‌महिने, कधीं कधीं वर्षानुवर्षें चाले. मुदत संपल्यावर बिशप मस्तकावर हात ठेवून त्यास पुन्हां मंडळींत घेई. रोम शहरीं हा विधि ईस्टरच्या आधींच्या गुरुवारीं होत असे. आणि ही संधि आयुष्यांत एकदांच. दुसऱ्यानें पडलेल्यास हा मार्ग पुन्हां खुला नसे. सन २०० च्या सुमारास कार्थेज येथील टर्टुलियन या लेखकानें या विषयावर एक स्वतंत्र लहान ग्रंथच लिहिला आहे. लोक अब्रूच्या भीतीनें हें औषध घेण्याचें टाळतात, अशी त्याची त्यांत तक्रार आहे. तक्रार बोलकी आहे. नम्रतेवरील उपदेश ऐकावयास कोणासही गोड लागतो; ती शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत आचरण्याची वेळ आली म्हणजे पाय जड होतात.

सामान्य माणसाची ही गोष्ट. पण पापी खुद्द बादशहा असेल तर? पहिलीं ३०० वर्षें हा प्रश्न उद्भवलाच नाहीं, कारण रोमचे बादशहा ख्रिस्ती नव्हते. सन ३१२ नंतर कॉन्स्टंटाइननें या धर्मास आश्रय दिला. पण स्वतः बाप्तिस्मा घेतला तो ३३७ सालीं, मरणशय्येवर. बाप्तिस्म्यानें मागील सर्व पापें धुतलीं जातात आणि पुढील पापांस प्रायश्चित्त एकच आहे, असें असल्यावर राज्य करणाऱ्या मनुष्यानें तो विधि शेवटपर्यंत लांबणीवर टाकावा यांत व्यवहारचातुर्य होतें. थिओडोशियसच्या बाबतींत मात्र निराळाच योग आला. ३७९ सालीं तो बादशहा झाला आणि पुढच्याच वर्षीं एका भारी दुखण्यांत जगण्याची आशा न उरल्यामुळें त्यानें बाप्तिस्मा घेतला. नंतर तो खडखडीत बरा झाला. मंडळीच्या नियमांखालीं पुरता सांपडलेला आणि अजून बरींच वर्षें राज्य करावयाचें असलेला बादशहा जगानें येथें पहिल्यानेंच पाहिला म्हणावयाचा. हा बाप्तिस्मा झाला तो थेस्सलनीका शहरीं, तेथील बिशपाच्या हातून. वाचकांनीं हें गांवाचें नांव ध्यानांत ठेवावें.

थेस्सलनीका हें ग्रीसच्या उत्तर भागांतील समुद्रकांठचें भरभराटीचें बंदर. तेथील ख्रिस्ती लोकांस प्रेषित पौलानें पाठविलेलीं दोन पत्रें नव्या करारांत आहेत. सन ३९० मध्यें तेथें ब्युथेरिक नांवाचा एक गॉथ सेनापति होता. रथांच्या शर्यतींत नांवाजलेल्या एका सारथ्यास त्यानें नीतिभ्रष्टतेच्या आरोपावरून तुरुंगांत टाकलें. पुढें शर्यतींचा दिवस आला, लोकांनीं आपल्या आवडत्या सारथ्याची सुटका मागितली, ब्युथेरिकनें ती नाकारली, आणि दंगा उसळून त्यांत तो मारला गेला. दंग्याचें कारण क्षुल्लक होतें. सेनापतीचा खून ही गोष्ट क्षुल्लक नव्हती. बादशहा त्या वेळीं इटलींत मिलान येथें होता. तो मुळचा तापट. त्यांत दरबारच्या मंडळींनीं आगींत तेल ओतलें. शहरास जन्माची अद्दल घडविण्याचा हुकूम सुटला. मागाहून तो फिरविण्यांत आला, पण दुसरा हुकूम पोंचण्यापूर्वींच काम उरकलें होतें. लोकांस शर्यतीच्या मैदानांत जमूं देऊन मग शिपायांनीं कत्तल आरंभिली, असें सांगतात. सुमारें ५० वर्षांनंतर लिहिणारा थिओडोरेट मृतांचा आंकडा ७,००० देतो. आंकडा फुगविलेला असेल. सोझोमेन नांवाच्या दुसऱ्या इतिहासकारानें मात्र आंकड्यापेक्षां अधिक बोलणारी एक हकीकत दिली आहे. एका व्यापाऱ्याचे दोन मुलगे शिपायांच्या हातीं लागले. ‘माझा जीव घ्या, माझें सर्व द्रव्य घ्या, पण यांस सोडा,’ म्हणून तो गयावया करूं लागला. शिपायांस ठराविक माथीं मोजून द्यावयाचीं होतीं. दोघांपैकीं एकासच सोडतां येईल, कोणता तो तूं निवड, असें त्यांनीं सांगितलें. बाप आळीपाळीनें दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिला. त्यास निवड करवेना, आणि अखेर दोघेही मारले गेले. त्या व्यापाऱ्याचें नांव सोझोमेननें दिलेलें नाहीं.

मिलानचा बिशप त्या वेळीं अँब्रोज होता. हा मूळचा पाद्री नव्हे. त्याचा बाप रोमन साम्राज्याचा मोठा अधिकारी, आणि तो स्वतः उत्तर इटलींतील एका प्रांताचा सुभेदार. ३७४ सालीं मिलानची बिशपाची जागा रिकामी झाली. निवडणुकींत दंगा होऊं नये म्हणून बंदोबस्तासाठीं गेलेल्या या सुभेदारासच लोकांनीं बिशप करण्याचा हट्ट धरला. त्याचा बाप्तिस्माही तोंवर झालेला नव्हता. बाप्तिस्म्यापासून बिशपाच्या गादीपर्यंतचा सारा प्रवास आठ दिवसांत झाला. काल खटले चालवून शिक्षा ठोठावणारा मनुष्य आज पाप्यांच्या पश्चात्तापाची पारख करण्यास बसला. त्यामुळेंच कीं काय, राजसत्ता कोठें नमते आणि कोठें मोडते याची त्यास चांगली जाण होती.

कत्तलीची बातमी आल्यावर अँब्रोजनें काय केलें, याच्या दोन कथा आहेत. प्रसिद्ध आहे ती थिओडोरेटची. बादशहा नेहमींप्रमाणें प्रार्थनेस आला, तों बिशप दारांत आडवा उभा राहिला. रक्तानें माखलेले हात घेऊन आंत पाऊल टाकण्याची छाती तुला होते तरी कशी, असें सर्वांदेखत त्यानें खडसावलें, आणि बादशहा रडत माघारीं वळला. प्रसंग नाट्यमय आहे, आणि म्हणूनच तो हजार-दीड हजार वर्षें सांगितला गेला. परंतु अँब्रोजनें स्वतः बादशहास लिहिलेलें पत्र आज उपलब्ध आहे, आणि त्यांतलें चित्र अगदीं निराळें आहे. त्यावरून दिसतें तें असें कीं, बादशहा मिलानला परत येत असतां बिशप प्रकृतीचें कारण सांगून शहराबाहेर निघून गेला होता. समोरासमोर गांठ पडूं नये हाच त्याचा हेतु. तेथून त्यानें स्वहस्तानें, लेखनिकासही न दाखवितां, पत्र लिहिलें. त्याची भाषा आदराची, पण मुद्दा रोंखठोंक आहे. दावीद राजानें पाप केलें आणि संदेष्ट्यानें तें पदरांत घालतांच तें कबूल केलें. मग तुला कशाची लाज? एका निरपराध्याचें रक्त सांडलें तरी वेदीवर जें करण्यास माझा हात धजणार नाहीं, तें इतक्यांचें रक्त सांडल्यावर मी कसें करूं? तूं समोर असलास तर मला प्रभुभोजनाचा विधि करतां येणार नाहीं. असा त्या पत्राचा आशय आहे. स्वतः प्रसिद्ध केलेल्या पत्रसंग्रहांत अँब्रोजनें हें पत्र घातलें नव्हतें.

आम्हांस दारांतल्या देखाव्यापेक्षां हें पत्र मोठें वाटतें. चारचौघांत राजाचा अपमान करणाऱ्यास धैर्य लागतें खरें, पण त्यांत थोडीशी हौसही असूं शकते. येथें बिशपानें राजास वळण्यासाठीं जागा ठेवली. पत्र फाडून टाकून, कोणास कांहीं न कळूं देतां, दुसऱ्या एखाद्या गरीब पाद्र्याकडून विधि उरकून घेणें थिओडोशियसला सहज शक्य होतें. त्यानें तें केलें नाहीं. राजचिन्हें उतरवून तो मिलानच्या प्रार्थनामंदिरांत सामान्य पाप्यांप्रमाणें प्रायश्चित्त घेणाऱ्यांच्या रांगेंत उभा राहिला. त्या वर्षाच्या नाताळांत त्यास पुन्हां प्रभुभोजनास घेण्यांत आलें. पुढें ३९५ सालीं तो वारला, तेव्हां त्याच्या उत्तरक्रियेच्या प्रसंगीं खुद्द अँब्रोजनेंच भाषण केलें. साध्या गृहस्थांस ज्याची लाज वाटते तें करण्यास या बादशहास लाज वाटली नाहीं, आणि त्या कृत्याचें दुःख त्यास पुढें एक दिवसही विसरलें नाहीं, असें त्यानें त्यांत सांगितलें आहे. मृताच्या गौरवाचीं भाषणें बेतानें घ्यावयाचीं असतात. पण ऐकणारांत त्या रांगेंतला बादशहा डोळ्यांनीं पाहिलेले लोक बसले होते, हेंही विसरून चालणार नाहीं.

येथें मराठी वाचकास रामशास्त्री प्रभुण्यांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्याचा खून झाला. या कृत्यास देहांताखेरीज दुसरें प्रायश्चित्त नाहीं, असें शास्त्र्यांनीं राघोबादादास तोंडावर सांगितलें आणि पुणें सोडलें, असें आपल्याकडे परंपरेनें सांगत आले आहेत. दोन्ही ठिकाणीं निर्णय देणाराच्या हातीं शस्त्र नव्हतें, आणि दोघेही सत्तेपासून दूर निघून गेले. मात्र शास्त्र्यांचें प्रायश्चित्त घेतलें असतें तर राघोबा उरलाच नसता. अँब्रोजच्या प्रायश्चित्तानें थिओडोशियसचें सिंहासन हललें तर नाहींच, उलट पक्कें झालें. थिओडोशियसच्या नम्रतेची स्तुति करतांना हाही हिशेब मनांत असावा.

अँब्रोजच्या बाबतींतही एक गोष्ट झांकून ठेवतां येत नाहीं. या प्रकरणाच्या दोनच वर्षें आधीं, ३८८ सालीं, युफ्रेटीस नदीकांठच्या कॅलिनिकम गांवीं ख्रिस्ती जमावानें यहुदी लोकांचें सभास्थान जाळलें होतें. तेथील बिशपानें तें पुन्हां बांधून द्यावें, असा न्याय थिओडोशियसनें केला. तो न्याय यथायोग्य होता. पण याच अँब्रोजनें त्याविरुद्ध पत्र लिहिलें, आणि पुढें भर प्रार्थनामंदिरांत बादशहास अडवून, चौकशी सोडून देण्याचें वचन मिळाल्याखेरीज विधि सुरू करणार नाहीं असें सांगितलें. बादशहा तेव्हांही नमला. म्हणजे राजास नमविण्याचें जें साधन थेस्सलनीकाच्या मृतांसाठीं वापरलें गेलें, तेंच दोन वर्षांपूर्वीं न्याय बुडविण्यासाठींही वापरलें गेलें होतें. पुढील सातआठशें वर्षांचा इतिहास वाचतांना हें दुसरें प्रकरण आम्हांस वारंवार आठवतें.

रोमन साम्राज्याचा पश्चिम भाग कोसळला आणि प्रायश्चित्ताची जुनी चालही बदलली. आयर्लंडांतील मठवासी साधूंनीं खासगी कबुलीची पद्धत युरोपांत नेली. पाद्र्यापाशीं एकांतांत पाप सांगावें, त्यानें पापाच्या वजनाप्रमाणें उपवास किंवा यात्रा नेमून द्यावी, आणि हें आयुष्यांत कितीही वेळां करतां यावें, अशी ती सोय होती. या साधूंनीं कोणत्या पापास किती दिवसांचे उपवास याचीं कोष्टकेंही तयार केलीं होतीं. १२१५ च्या लॅटरन धर्मसभेनें तर वर्षांतून एकदां कबुली देणें प्रत्येक ख्रिस्ती माणसास बंधनकारक केलें. जाहीर प्रायश्चित्त उरलें तें मोठ्या लोकांच्या मोठ्या, सर्वांस माहीत असलेल्या अपराधांपुरतें. जी गोष्ट एके काळीं बादशहास प्रजेच्या रांगेंत उभी करीत होती, ती आतां राजेलोकांचाच एक खास विधि होऊन बसली.

शार्लमेनचा मुलगा लुई हा याचें ठळक उदाहरण. इतिहासांत त्यास ‘धर्मशील’ म्हणतात. इटलींत राज्य करणारा त्याचा पुतण्या बर्नार्ड यानें बंड केलें. शरण आल्यावर त्यास देहांताची शिक्षा झाली, ती ‘दया करून’ डोळे काढण्यावर आणण्यांत आली. आणि ८१८ सालीं त्या दयेनेंच तो मेला. चार वर्षांनीं, ८२२ मध्यें, आतिन्यी येथें भरलेल्या सभेंत लुईनें आपण होऊन या कृत्याबद्दल जाहीर प्रायश्चित्त घेतलें. ज्या सावत्र भावांस त्यानें जबरदस्तीनें मठांत घातलें होतें त्यांच्याशींही समेट केला. त्याचा एक चरित्रकार यांत थिओडोशियसचें अनुकरण झालें असें आवर्जून सांगतो. अनुकरण असेल, पण कोणीही मागितलेलें नसतांना राजानें आपलें पाप सर्व सरदारांपुढें उच्चारणें ही लहान गोष्ट नव्हे. दुर्दैव असें कीं, ऐकणारांनीं त्यांतून भलताच धडा घेतला. राजा वांकूं शकतो, हें त्यांस कळलें.

अकरा वर्षांनंतर त्याच्याच मुलांनीं त्याच्यावर शस्त्र उचललें. आल्सेसमध्यें कोल्मारजवळ दोन्ही सैन्यें समोरासमोर आलीं असतां लुईचे लोक रातोरात फुटून गेले. त्या जागेस पुढें ‘असत्याचें मैदान’ हेंच नांव पडलें. कैद झालेल्या बापाचें काय करावें? ठार मारणें बरें दिसेना. तेव्हां मुलांच्या पक्षाच्या बिशपांनीं तोड काढली. ८३३ च्या ऑक्टोबरांत स्वासों येथील मठांत लुईच्या हातीं पापांची एक यादी देण्यांत आली. वेदीपुढें आंथरलेल्या केंसाळ भरड वस्त्रावर लोळून त्यानें ती पापें कबूल केलीं, कमरेचें शस्त्र सोडून वेदीवर ठेवलें आणि प्रायश्चित्ताचीं वस्त्रें अंगावर घेतलीं. त्यांतली मेख अशी कीं, जाहीर प्रायश्चित्त घेतलेल्यानें पुन्हां शस्त्र धरूं नये असा जुना नियम होता, आणि शस्त्र न धरणारा राजा तो कसला राजा? पदच्युत करण्याची ही धार्मिक युक्ति होती. विशेष हें कीं, या विधीचा पुढारी रान्सचा आर्चबिशप एब्बो हा जन्मानें दासाचा मुलगा, आणि त्यास त्या पदावर लुईनेंच चढविलें होतें. युक्ति फार टिकली नाहीं. पुढच्याच वर्षीं लुईस पुन्हां गादी मिळाली आणि ८३५ सालीं एब्बोवर स्वतःची पापें कबूल करून पद सोडण्याची पाळी आली. ज्यानें मनापासून प्रायश्चित्त घेतलें त्यासच तें दुसऱ्यांदा बळजबरीनें घ्यावयास लागावें, आणि दोन्ही वेळां विधि एकच असावा, हें या कथेंतलें मोठें दुःख आहे.

यानंतरचा प्रसंग जगप्रसिद्ध आहे. जर्मनीचा राजा चौथा हेन्री आणि पोप सातवा ग्रेगरी यांचा तंटा बिशप नेमण्याच्या अधिकारावरून विकोपास गेला. १०७६ च्या जानेवारींत वर्म्स येथें हेन्रीच्या बिशपांनीं ग्रेगरीस पोप मानण्याचें नाकारलें. पुढच्याच महिन्यांत ग्रेगरीनें राजास बहिष्कृत केलें आणि प्रजेस राजनिष्ठेच्या शपथेंतून मोकळें केलें. जर्मन सरदार अशा संधीची वाटच पाहत होते. वर्षाच्या आंत बहिष्कार उठला नाहीं तर आम्ही तुला राजा मानणार नाहीं, असें त्यांनीं ठरविलें, आणि निवाड्यासाठीं पोपलाच जर्मनींत बोलाविलें. तो येण्यापूर्वीं त्यास गांठणें हा एकच उपाय हेन्रीस उरला. ऐन हिवाळ्यांत, बायको आणि लहान मुलगा बरोबर घेऊन, तो माँ सेनीच्या घाटानें आल्प्स ओलांडून इटलींत उतरला. बर्फावरून बायकांस बैलांच्या कातड्यांवर बसवून ओढत न्यावें लागलें, असें एक समकालीन बखरकार लिहितो.

पोप त्या वेळीं टस्कनीच्या मटिल्डेच्या कानोस्सा या डोंगरी किल्ल्यांत होता. जानेवारी १०७७ च्या अखेरीस राजा किल्ल्याच्या दाराशीं येऊन उभा राहिला. अंगावर राजचिन्ह नाहीं, पायांत कांहीं नाहीं, साधें लोंकरीचें वस्त्र. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशीं दार उघडलें. ही हकीकत खुद्द ग्रेगरीनें जर्मन सरदारांस लिहिलेल्या पत्रांत आहे. आपल्याजवळच्या मंडळींनीं, ही धर्माधिकाऱ्याची कडक शिस्त नव्हे, हा जुलमी माणसाचा क्रूरपणा आहे, असा आपणांस दोष दिला, हेंही त्यानें त्यांत नमूद केलें आहे. मटिल्डेनें आणि हेन्रीस धर्मपिता म्हणून लाभलेला क्लुनीचा मठाधिपति ह्यू यानें रदबदली केली, शपथ घेण्यांत आली, आणि राजा पुन्हां मंडळींत आला.

या प्रसंगावर युरोपांत अखंड वाद चालत आला आहे. प्रॉटेस्टंट जर्मनीस तो राष्ट्राचा अपमान वाटे. १८७२ सालीं पोपशीं झगडा चालू असतां आपण कानोस्साला जाणार नाहीं असें बिस्मार्कनें कायदेमंडळांत बजाविलें, तेव्हां सर्व देशानें तें वाक्य उचलून धरलें. उलट पक्षीं, हेन्रीनेंच पोपवर मात केली असें म्हणणारे इतिहासकारही पुष्कळ आहेत, आणि नुसता राजकारणाचा पट पाहिला तर त्यांचेंच म्हणणें खरें ठरतें. बहिष्कार उठतांच सरदारांच्या हातांतलें शस्त्र बोथट झालें. त्यांनीं मार्चमध्यें दुसरा राजा निवडला, पण हेन्री आतां बहिष्कृत नव्हता, आणि देशांत यादवी माजली. १०८० सालीं ग्रेगरीनें त्यास पुन्हां बहिष्कृत केलें; या वेळीं त्यानें पायांतले जोडे काढले नाहींत. स्वतःचा पोप उभा करून १०८४ सालीं त्यानें रोम घेतलें आणि त्याच्याच हातून बादशाही मुकुट चढवून घेतला. ग्रेगरीस नॉर्मन लोकांनीं सोडविलें, पण त्यांनीं रोम इतकें लुटलें कीं तेथें त्यास राहतां येईना. १०८५ सालीं सालेर्नो येथें तो परागंदा स्थितींत वारला.

मग ग्रेगरीनें दार उघडलें तरी कां? तो भोळा नव्हता. हेन्रीच्या मनांत काय आहे हें त्यास कळत नव्हतें असें मानणें कठीण आहे. तीन दिवसांचा विलंब हाच त्याच्या मनांतील झगड्याचा पुरावा आहे. राजकारणी या नात्यानें दार बंद ठेवणें त्याच्या हिताचें होतें. पण तो पाद्री होता, आणि पश्चात्ताप झाला असें म्हणत दारांत उभ्या राहिलेल्या माणसास क्षमा नाकारण्याची मुभा त्याचा धर्म त्यास देत नव्हता. माणसाचें अंतःकरण देव जाणतो. पाद्र्यास अनवाणी पाय तेवढे दिसतात, आणि तेवढ्यावरच त्यास निर्णय द्यावा लागतो. आपण फसविले जात आहों अशी शंका असूनही ग्रेगरीनें क्षमा केली. कानोस्साच्या प्रसंगांत खरी नम्रता शोधावयाचीच असेल, तर ती बाहेरच्या राजापेक्षां आंतल्या पोपच्या ठायीं सांपडण्याचा संभव अधिक आहे. या मानी, हट्टी आणि कडक मनुष्यानें आयुष्यांत दुसऱ्या कोठें फारशी नम्रता दाखविलेली नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या चौथ्या दिवसाचें मोल आणखी वाढतें.

तरी मिलानशीं तुलना केली म्हणजे एक उणीव टोंचते. थिओडोशियस रडला तो मारलेल्या प्रजेसाठीं. हेन्रीचा अपराध कोणता? त्यानें पोपची आज्ञा मोडली. कानोस्साच्या दोनच वर्षें आधीं, १०७५ च्या जून महिन्यांत, सॅक्सनीच्या लढाईंत त्याच्या घोडेस्वारांनीं हत्यार धरून आलेल्या साध्या शेतकऱ्यांची मोठी कत्तल केली होती. कानोस्सा येथें त्यानें घेतलेल्या शपथेंत जर्मन बिशपांच्या आणि सरदारांच्या तक्रारींचा उल्लेख आहे. शेतकऱ्यांचा नाहीं. एका निरपराध्याच्या रक्तानेंही विधि थांबतो असें अँब्रोजनें लिहिल्याला तोंवर जवळजवळ ७०० वर्षें झालीं होतीं. तेवढ्या काळांत मंडळी राजापुढें अधिक ताठ उभी राहूं लागली खरी. पण ती आतां मुख्यतः स्वतःच्या मानासाठीं.

इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीची गोष्ट थोडक्यांत सांगतां येईल. आर्चबिशप टॉमस बेकेट याचा २९ डिसेंबर ११७० रोजीं कँटरबरीच्या प्रार्थनामंदिरांतच खून झाला. मारेकरी राजाचे चार सरदार. राजाच्या तोंडून रागाच्या भरांत निघालेल्या शब्दांवर ते निघाले होते. ११७३ सालीं पोपनें बेकेटला संत ठरविलें. पुढच्या वर्षीं राणी, मुलगे आणि स्कॉटलंडचा राजा असे सगळेच हेन्रीवर उलटले असतां, १२ जुलै ११७४ रोजीं तो कँटरबरीस गेला. गांवांतून अनवाणी चालत समाधीपाशीं आला, उघड्या पाठीवर बिशपांकडून पांच पांच आणि मठांतील साधूंकडून तीन तीन फटके घेतले, आणि सारी रात्र उपाशीपोटीं तेथेंच जागून काढली. दुसऱ्याच दिवशीं स्कॉटलंडचा राजा आल्निक येथें पकडला गेला. ही बातमी आली तेव्हां लोकांनीं ती संताच्या क्षमेची खूण मानली, आणि बंड थोड्याच काळांत मोडलें. इतक्या तत्काळ फळ देणाऱ्या पश्चात्तापाकडे इतिहासकार संशयानें पाहतात. आम्हीही पाहतों; पण पाठीवरचे फटके खरे होते, आणि ज्या कृत्यासाठीं तो ते खात होता त्यांत खरोखरच एका माणसाचा जीव गेला होता, एवढें तरी त्याच्या बाजूनें म्हटलें पाहिजे.

मिलानच्या दारांतला तो देखावा, जो अँब्रोजच्या पत्राप्रमाणें घडलाच नव्हता, पुढें चित्रकारांचा आवडता विषय झाला. सतराव्या शतकाच्या आरंभीं रुबेन्सनें तो रंगविला. तें चित्र व्हिएन्ना येथें आहे. त्याचा शिष्य व्हॅन डाइक यानें त्यावरून काढलेलें लहान चित्र लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहांत पाहावयास मिळतें. दोन्हींत पायऱ्यांवर भरजरी वस्त्रें ल्यालेला बिशप आणि त्याच्यापुढें वांकलेला बादशहा आहे. दोहों बाजूंस पाद्री आणि सरदार दाटीनें उभे आहेत. थेस्सलनीकाचा मनुष्य त्या दाटींत कोणी दिसत नाहीं. तेथील शर्यतीचें मैदान आज शहराच्या वस्तीखालीं गाडलें गेलें आहे. त्या जागेवरच्या चौकास अजून ‘इप्पोद्रोमिऊ’, म्हणजे शर्यतीच्या मैदानाचा चौक, असेंच म्हणतात.